घोंगडीच्या लोकरीतून स्वतःची फ्लाय

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी भागातील एका तरुण मित्राने मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. गेली दोन वर्षे ते बाहेरून मागवलेल्या साहित्यातून, चित्रफिती पाहून फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली कृत्रिम माशी, तयार करीत आहेत. घरात आजीची एक जुनी, कडेला विरलेली घोंगडी पडून आहे. तिच्या लोकरीतून फ्लाय बांधता येईल का, आपल्या नद्यांतील कोणता मासा तिला लागेल, आणि अशी फ्लाय खऱ्या अर्थाने स्वतःची केव्हा म्हणता येईल, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी जवळपास तीस वर्षे मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठांवर या लोकरीच्या फ्लाय वापरत आलो आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

लोकर बांधता येईल का, या शंकेला आधार नाही, कारण फ्लाय बांधण्याचे जे सर्वांत जुने वर्णन आपल्याला उपलब्ध आहे ते लोकरीचेच आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील अॅस्ट्रेयस नदीवरच्या कोळ्यांची रीत लिहून ठेवली आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळत, कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल कातडीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे त्यावर बसवत, आणि सहा फुटांच्या काठीला तेवढाच लांब दोर लावून ठिपकेदार मासे धरत. कोंबडा आणि मेंढी या दोन्ही त्यांच्या दारातल्या वस्तू होत्या. अगदी अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांचे घेता येईल. त्यांनी ग्रेलिंग माशासाठी 'किलर बग' नावाची फ्लाय बांधली, तिला तांब्याची बारीक तार आणि मोजे रफू करण्याची लोकर यांखेरीज काहीही लागत नव्हते. ती लोकर चॅडविक कंपनीची ४७७ क्रमांकाची होती. कोरडी असताना ती राखाडी दिसे आणि भिजली की तिच्यात गुलाबी झाक उतरे. कंपनीने ती बनवणे थांबवल्यावर तिच्या उरलेल्या लडी लोक जपून ठेवू लागले. सॉयर यांची नजर दुकानातील रंगाकडे नव्हती, ओल्या रंगाकडे होती, आणि माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा इथेच आहे. फ्लाय स्वतःची होते ती साहित्य पाण्यात कसे वागते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर आणि ते वागणे आपल्या पाण्यातल्या एखाद्या जिवाशी किंवा फळाशी जुळवल्यावर.

म्हणून आधी लोकर ओळखावी. आपल्याकडची मेंढी दख्खनी जातीची आहे. चिकोडी, रायबाग, गोकाक, अथणी या बाजूला सुगीनंतर रानात जी बकरी बसवतात (आपल्या भागात मेंढ्यांनाही बकरीच म्हणण्याची रीत आहे), ती बहुतेक हीच. तिची लोकर जाड, राठ आणि बहुधा काळी किंवा करड्या-काळ्या छटेची असते. मेरिनो मेंढीच्या तंतूची जाडी साधारण २० मायक्रॉन असते आणि आपल्या लोकरीचा सरासरी तंतू त्याच्या दुपटीहून जाड भरतो. त्यातच पुष्कळसे तंतू केसासारखे ताठ आणि आतून पोकळ असतात. कापड गिरणीला हा दोष वाटतो, फ्लाय बांधणाऱ्यासाठी मात्र हाच सर्वांत मोठा गुण आहे. मऊ लोकर भिजली की गळाला चिकटून बसते आणि फ्लाय दोऱ्यासारखी बारीक होते. आपल्या लोकरीतले ताठ केस भिजल्यावरही बाहेर उभे राहतात आणि किड्याच्या पायांसारखे हलतात, शिवाय त्यांच्यात थोडी हवा अडकून राहते, त्यामुळे पाण्यात पडताच फ्लायच्या अंगावर बारीक चंदेरी बुडबुडे दिसतात.

त्याच मेंढीच्या लोकरीचेही प्रकार आहेत. कोकराची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ आणि बारीक असते. जावळाच्या घोंगडीला मान असतो तो त्यामुळेच. मोठ्या जनावराची लोकर राठ आणि केसाळ असते. मी अंगासाठी जावळ आणि छातीकडच्या भागासाठी राठ लोकर वापरतो. तुमच्याकडे घोंगडीच असल्यामुळे तुम्हाला कातलेले सूत मिळेल. त्यात दोन्ही मिसळलेले असू शकते, आणि ते उकलून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

आता एक चूक सांगतो, जी मी सुरुवातीला केली आणि जिच्यामुळे एक आख्खा हंगाम वाया गेला. घोंगडी विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. घोंगडी नवी असताना टणक लागते ती या खळीमुळे. जुन्या घोंगडीतही उभ्या धाग्यांमध्ये खळ मुरलेली असते. मी तसेच सूत उकलून फ्लाय बांधल्या. कोरड्या असताना त्या उत्तम दिसत. पाण्यात गेल्या की खळ बुळबुळीत होई, तंतू एकमेकांना चिकटत, आणि सुकल्यावर फ्लाय लाकडाच्या कपचीसारखी कडक होई. मासे तिच्यामागे येत आणि जवळून वळून जात. तेव्हा सूत आधी कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे, पाणी तीन-चार वेळा बदलावे, आणि बोटांमध्ये बुळबुळ लागणे पूर्ण थांबले की मगच सावलीत वाळवावे. कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेल्या घोंगडीचे सूत थोड्या सौम्य साबणाने वेगळे धुवावे, तो वास सहज जात नाही. मात्र धुताना चोळू नये आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नये. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर जमून तिची गुठळी होते. हा गुण पुढे एका ठिकाणी उपयोगी पडणार आहे, पण इथे तो नको.

वाळलेले सूत पिळाच्या उलट दिशेने फिरवून मोकळे करावे, बोटाच्या एका पेराहून कमी लांबीचे तुकडे कापावे आणि दोन लहान तारांच्या ब्रशांमध्ये धरून पिंजावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे ब्रश पुरतात. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चिमूटभर लोकर सोडावी आणि ग्लास खिडकीकडे धरून पाहावे. काळी म्हणून घेतलेली लोकर उजेडात काळी राहत नाही. तिच्यात गडद तपकिरी आणि कुठेकुठे तांबूस झाक असते, आणि कडेचे केस तर मधाच्या रंगाचे दिसतात. बाजारातील रंगवलेल्या काळ्या साहित्यात हे घडत नाही, ते उजेडाविरुद्धही सपाट काळेच राहते. तुम्ही दोन वर्षे फ्लाय बांधत आहात, तरी हा ग्लास एकदा जरूर समोर ठेवा आणि किमान अर्धा तास बघा. कोणता भाग आधी बुडतो, कोणते केस उभे राहतात, बुडबुडे किती वेळ टिकतात, हे वहीत लिहून ठेवा.

यानंतर प्रश्न येतो तो पाण्यातल्या जिवांचा. पावसाळा संपून मलप्रभेचे पाणी निवळले की, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस, खानापूरच्या वर जांबोटी-कणकुंबीकडे उथळ धारेतला एखादा तळहाताएवढा दगड उचलून उलटा करावा. खालच्या बाजूला चपटी, तीन शेपट्यांची, गडद तपकिरी पिल्ले सरपटताना दिसतात, ती मेफ्लाय जातीच्या कीटकांची असतात. काही दगडांवर वाळूच्या कणांनी बांधलेली नळकांडी चिकटलेली असतात आणि त्यांच्यात कॅडिस नावाच्या कीटकाची अळी राहते. संथ पाण्यात, गवताच्या मुळांशी, चतुराची जाड आणि केसाळ पिल्ले मिळतात. चतुराच्या पिल्लाला हातात घेऊन पाहिले तर त्याचा रंग, त्याच्या अंगावरची बारीक लव आणि त्यात अडकलेला गाळ हे सर्व आपल्या घोंगडीच्या लोकरीशी इतके जुळते की मला पहिल्यांदा ते लक्षात आले तेव्हा दुसरे कोणतेही साहित्य शोधावेसे वाटले नाही. बघून झाल्यावर दगड पुन्हा तसाच, त्याच जागी ठेवावा.

माझी पहिली स्वतःची फ्लाय या चतुराच्या पिल्लावरून झाली. तिची बांधणी इथे सविस्तर देतो, कारण बाकीच्या सर्व तिच्यातूनच निघतात. आठ क्रमांकाचा, लांब दांडीचा गळ घ्यावा (क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे तुम्हाला ठाऊक असेलच) आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा फारशी इजा न होता सोडता येतो. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीत, दांडी आडवी राहील असा धरावा. वजनासाठी शिसे वापरू नये. मोटर वाइंडिंग करणाऱ्यांकडे ३६ गेजची तांब्याची तार मिळते, ती जवळपास ०.२ मिलिमीटर जाडीची असते. तिचे वेढे दांडीच्या पुढच्या अर्ध्या भागात दोन थरांत घालावे. बेळगावसारख्या कारखान्यांच्या गावात या तारेचे तुकडे मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. नेढ्यामागे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. ती सोडली नाही तर शेवटी डोके बांधायला जागा उरत नाही, आणि शिकाऊ माणसाच्या निम्म्या फ्लाय तिथेच बिघडतात.

शेपटीला राठ केसांचा लहान झुबका बांधावा, त्याची लांबी गळाच्या रुंदीपेक्षा जास्त नको. त्याच जागी जरीचा एक तुकडा अडकवून ठेवावा. बेळगावच्या शहापूर, खासबाग, वडगाव भागांत साड्या विणल्या जातात, तिथली जुनी, किंचित काळवंडलेली जरी मला नव्या चकाकत्या जरीहून अधिक आवडते. आता दोऱ्यावर मेणाचा हलका हात फिरवून जावळाचा पदर त्यावर बोटांनी एकाच दिशेने पिळावा. हा पदर इतका विरळ हवा की त्यातून दोऱ्याचा रंग अधूनमधून दिसत राहील. मी ज्यांना शिकवले त्यांच्यातील जवळजवळ प्रत्येकाने इथे लोकर जास्त घेतली आणि फ्लायऐवजी लोकरीचे बोंडुक तयार केले. जास्त वाटते त्याच्या निम्मी घ्यावी, आणि तीही जास्त वाटली तर पुन्हा निम्मी करावी. शेपटीपासून दांडीच्या दोन तृतीयांशापर्यंत हे अंग गुंडाळावे आणि त्यावरून जरीचे चार-पाच वेढे उलट दिशेने घ्यावे. उलट दिशेमुळे जरी लोकरीत रुतून हरवत नाही आणि माशाच्या दातांनी अंग उसवत नाही.

पुढच्या भागात राठ लोकर थोडी सैल पिळून घ्यावी आणि त्याच्यापुढे गावठी कोंबडीच्या मानेचे एक तपकिरी पीस दोनच वेढ्यांत फिरवावे. कोंबड्याचे पीस ताठ असते, ते पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला चांगले, तर बुडणाऱ्या फ्लायला कोंबडीचे मऊ पीस हवे. डोके बांधून त्यावर रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब द्यावा. शेवटी सुईच्या टोकाने छातीकडचे केस उचकटून बाहेर काढावे. फ्लाय आता विस्कटलेली दिसेल. तिला नीटनेटकी करण्याचा मोह आवरावा, कारण पाण्यात जीव येतो तो त्या विस्कटलेपणामुळेच.

पिसांबद्दल इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परदेशी नमुन्यांत अनेक रानपक्ष्यांची पिसे सांगितलेली असतात, ती शोधत कोणीही रानात जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे आणि मोर तर राष्ट्रीय पक्षी आहे. गावठी कोंबड्या, मेंढी आणि जरी एवढ्यात आयुष्यभर पुरेल इतके काम आहे.

दुसरी फ्लाय मी फळावरून बांधली, आणि खरे सांगायचे तर मला तिचाच अधिक अभिमान आहे. मलप्रभेच्या वरच्या अंगाला काठावर उंबराची झाडे पाण्यावर झुकलेली असतात. पिकलेले उंबर टपकले की खडस आणि तिच्या जातीचे लहान खवलेदार मासे त्या आवाजावर येतात. खडस महाशीर वर्गातली, आणि या वर्गातले मासे फळे खातात हे अनेक ठिकाणी आढळून आलेले आहे. इथे लोकर जमण्याचा तो गुण कामी येतो. जेन, म्हणजे लोकर न विणता जमवून केलेले जाड अंथरूण, बनवणारे पिंजारी ओल्या लोकरीला साबण आणि दाब देऊन तिचा एकजीव जाड थर करतात, तेच लहान प्रमाणात करावे. करड्या किंवा पांढऱ्या लोकरीची चिमूट कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून तळहातांमध्ये आधी अगदी हळू आणि मग दाब वाढवत गोल फिरवावी. दहा-पंधरा मिनिटांत छोटी घट्ट गोळी होते. ती वाळली की तिला एका बाजूने चीर द्यावी, सहा क्रमांकाच्या आखूड दांडीच्या गळावर बसवावी आणि दोऱ्याने व थोड्या गोंदाने पक्की करावी. गळाचे टोक पूर्ण मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर मासा फळ तोंडात घेऊन परत टाकतो आणि गळ लागत नाही.

काळी लोकर रंगत नाही, म्हणून या फ्लायला फिकी लोकर लागते. रंगासाठी कांद्याची टरफले पुरतात. शंभर ग्रॅम लोकरीला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून लोकर त्यात मंद आचेवर तासभर ठेवावी, तशीच निवू द्यावी, आणि मग टरफलांच्या काढ्यात पुन्हा मंद आचेवर ठेवावी. तुरटीमुळे रंग तंतूला धरतो. पिवळट तपकिरीपासून तांबूस विटकरीपर्यंत छटा येतात, आणि पिकत आलेल्या उंबराचा तो तांबूस रंग यातून अगदी जवळचा मिळतो. हळद वापरू नये, तिचा रंग उन्हात उडतो. ही गोळी पाण्यात पडली की आतल्या हवेमुळे काही क्षण तरंगते आणि मग सावकाश, डुलत खाली जाते. मासा बहुधा त्या बुडण्याच्या सुरुवातीलाच येतो. फ्लाय झाडाच्या सावलीत, उंबर जसे पडते तशी, थोड्या उंचीवरून टपकन पडू द्यावी.

कोणता मासा लागेल, याचे उत्तर यातून बरेचसे आले आहे. वाहत्या, स्वच्छ पाण्यात लहान काळी फ्लाय (दहा ते बारा क्रमांकाच्या गळावर) दांडवण आणि तिच्यासारखे छोटे मासे घेतात. संथ पाण्यात, तळ्यांत आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यात चतुराच्या पिल्लावर चिलापी चांगली येते. मरळ मोठी आणि हलणारी वस्तू पसंत करते, तिच्यासाठी १/० क्रमांकाच्या गळावर काळ्या लोकरीचे जाड डोके आणि मागे लांब सुटे सूत ठेवून बेडूकमाशाचा आकार करावा. मात्र मरळ आपल्या पिल्लांच्या झुंडीवर राखण करीत असेल तेव्हा तिच्यावर गळ टाकू नये. पिल्लांचा तो तांबूस पुंजका पाण्याच्या पृष्ठभागावर सहज ओळखू येतो, आणि राखण करणारा मासा धरला गेला तर तो दिवसभरही टिकत नाही. कटला आणि रोहू यांच्यासाठी फ्लायचा आग्रह धरू नये.

फ्लायची महाग काठी नसेल तरी अडत नाही. जपानच्या डोंगराळ भागात तेनकारा नावाची रीत आहे, तिच्यात लांब काठीच्या टोकाला ठरावीक लांबीचा दोर बांधून, रीळ न वापरता फ्लाय टाकतात. आपल्या गावांतली मुले बांबूच्या काठीने जे करतात त्याच्याशी हिचे फार जवळचे नाते आहे. भिजलेली लोकरीची फ्लाय किंचित जड असते, त्यामुळे ती अशा साध्या काठीलाच अधिक सोयीची पडते.

जागेच्या बाबतीत चौकशी करूनच पाण्यावर जावे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले आहे, त्याच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही. हिडकलसारख्या जलाशयांवर मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी आणि ठेकेदाराचा हक्क असतो. देवस्थानापाशी जे डोह राखलेले आहेत तिथे तर गळ बाहेरही काढू नये.

आता तिसरा प्रश्न, फ्लाय स्वतःची केव्हा म्हणावी. एखादा परदेशी नमुना घेऊन त्यातल्या सशाच्या केसांऐवजी घोंगडीची लोकर लावली, तर ती त्या नमुन्याची आवृत्ती झाली आणि तिला मूळ नावानेच ओळखावे. चतुराचे पिल्लू पाहून, लोकर ग्लासात पाहून, दोन्हींचा मेळ घालून तुम्ही एक बांधणी ठरवली आणि ती तुमच्या पाण्यात एकाहून अधिक हंगामांत चालली, तर तिला नाव देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. यात हंगामांची अट मी मुद्दाम घालतो. एका दिवशी पाच मासे लागले म्हणून फ्लाय सिद्ध होत नाही, त्या दिवशी मासे दोऱ्याच्या गाठीलाही लागले असते. दर वेळी शेजारी एक जुनी, माहितीची फ्लाय ठेवून आलटून पालटून टाकावी आणि पाण्याचा रंग, वेळ, खोली, कोणत्या फ्लायला काय लागले हे लिहून ठेवावे. माझ्या उंबराच्या फ्लायने पहिल्या वर्षी मला फक्त दोन खडशी दिल्या होत्या, आणि मी ती टाकून देण्याच्या बेतात होतो. वही उघडून पाहिल्यावर लक्षात आले की ती मी बहुतेक वेळा उंबर पिकण्याच्या आधीच वापरली होती.

घोंगडी आजीची आहे, म्हणून एक विनंती. ती सगळी उकलू नका. विरलेल्या कडेचा वीतभर तुकडा उकलला तरी पन्नासहून अधिक फ्लाय होतील, कारण एका फ्लायला लोकर लागते ती चिमटीत दिसेल न दिसेल एवढीच. उरलेल्या कडेला टाका घालून घ्या. पुढे लोकर हवी असेल तर कातरणीच्या वेळी एखाद्या धनगराकडे जाऊन, जावळ आणि राठ लोकर वेगवेगळी मागून, योग्य पैसे देऊन घ्या. कोणत्या मेंढीची लोकर पाण्यात लवकर बुडते आणि कोणती उशिरा, हे त्यांना विचारा, पावसात घोंगडी पांघरून उभी राहणारी माणसे हे आपल्याहून चांगले जाणतात. पिंजलेली लोकर कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर तिला कसर लागते. आणि पाण्यावरून परतल्यावर फ्लाय लगेच पेटीत घालू नका. लोकर आतून बराच वेळ ओली राहते आणि गळ दांडीवरच, दिसत नाही अशा जागी, गंजतो. रात्रभर खिडकीत उघड्यावर वाळू द्या.